गुडघा बदललात, आता आमच्या रात्रींकडेही पाहा

प्रति,
गुडघेबदल शस्त्रक्रिया करणारे सर्व अस्थिरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या रुग्णालयांचं व्यवस्थापन यांस

सप्रेम नमस्कार.

माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चौदा आठवडे झाले. ऑपरेशन उत्तम झालं. हे सगळ्यात आधी लिहिते आहे, म्हणजे पुढच्या मजकुराचा कुणी भलता अर्थ लावणार नाही. टाके स्वच्छ भरले, जंतुसंसर्ग झाला नाही, एक्स-रेमध्ये सांधा जिथं हवा तिथं बसलेला दिसतो. कित्येक वर्षं बाक आलेला पाय सरळ झाला. माझ्या सर्जनच्या हाताला गुण आहे आणि ते मी भेटेल त्याला सांगते.

हे पत्र लिहायला लावलं ते गेल्या आठवड्यात कळलेल्या एका निर्णयानं. माझं ऑपरेशन झालं त्या रुग्णालयात सांधेबदलाच्या पेशंटसाठी रात्रीचा एक फोन होता. घरी गेल्यावर सहा आठवडे, रात्री केव्हाही काही वाटलं तर त्या नंबरवर वॉर्डातली सिस्टर बोलायची. तो फोन आता बंद केला आहे. रुग्णालयात गेले तेव्हा काउंटरवर कारण सांगितलं गेलं: रात्री फारसे फोन येत नव्हते, आणि जे यायचे त्यांत इमर्जन्सी काही नसायची. आता सकाळी नऊनंतर फोन करायचा.

मी तो फोन एकदाच केला होता. तक्रारींकडे येण्याआधी त्या फोनबद्दल सांगते.

ऑपरेशननंतरची नववी रात्र होती. घरी येऊन पाच दिवस झाले होते आणि त्या पाच दिवसांत मी सलग दीड तासाच्या वर झोपले नव्हते. दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. गुडघ्यात ठणका असा, की नाडी वेगळी मोजायची गरज नव्हती. पांघरुणाची घडी गुडघ्यावर आली तरी सोसवत नव्हती. कुशीवर वळावं तर पाय दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा जड. तो उचलून ठेवायला दोन्ही हात लागत. उताणं पडून पाठ भरून आलेली. घर झोपलेलं. कुणाला उठवावं तर ते तरी काय करणार, आणि दिवसभर माझं करून तेही दमलेले. तेव्हा फाइलवर लिहिलेला तो नंबर लावला.

पलीकडून तरुण आवाज आला. तिनं नाव विचारलं, ऑपरेशनचा कितवा दिवस ते विचारलं. मग एकेक प्रश्न. पोटरी कडक झाली आहे का, दाबली तर दुखते का, दुसऱ्या पायापेक्षा सुजलेली दिसते का? एकदम धाप लागते का, छातीत दुखतं का? ताप? जखमेतून काही येतंय? मी सगळ्याला नाही म्हटलं. 'शेवटची गोळी किती वाजता घेतली?' नऊ वाजता. 'आणि उशी कुठे आहे, मावशी?'

उशी गुडघ्याखाली होती. मीच ठेवली होती. किंचित वाकलेला गुडघा कमी दुखतो, म्हणून हात आपोआप तिथं उशी सारतो. पण रात्र-रात्र तसाच वाकलेला राहिला तर पुढे तो पुरता सरळ होत नाही. हे मला नवीन नव्हतं. मी तीस वर्षं परिचारिका म्हणून नोकरी केली, त्यातली निम्मी रात्रपाळीत गेली, आणि हीच उशी मी शेकडो पेशंटच्या गुडघ्याखालून काढून घेतलेली आहे. तरी त्या रात्री ते मला आठवलं नाही. दुखण्यानं आणि जागरणानं माणसाची अक्कल कशी बोथट होते, ते मला नोकरीत कळलं नव्हतं, त्या पलंगावर कळलं.

ती म्हणाली, 'उशी काढून टाचेखाली घ्या. पॅरासिटामॉलची वेळ होऊन गेली आहे, ती घ्या. फडक्यात गुंडाळून बर्फ ठेवा, पंधरा-वीस मिनिटं, त्याहून जास्त नको. मग उठून वॉकर धरून खोलीतल्या खोलीत दोन फेऱ्या मारा आणि परत आडव्या व्हा. झोप नाही लागली तरी घाबरू नका. एका रात्री नाही झोपलात म्हणून गुडघ्याचं काही बिघडत नाही.'

हे सगळं बोलणं सात मिनिटांचं. चार वाजता मला झोप लागली ती सव्वासहाला जाग आली. सव्वादोन तास. ऑपरेशननंतरची ती माझी सगळ्यात मोठी झोप होती.

तुमच्या नोंदवहीत तो फोन 'इमर्जन्सी नाही' या रकान्यात गेला असणार. बरोबरच आहे, इमर्जन्सी नव्हतीच. पण गुठळी झालेली नाही, पू झालेला नाही, हे पेशंटनं स्वतःच्या मनानं ठरवायचं आणि सकाळी नऊपर्यंत वाट बघायची, ही अपेक्षा मला मान्य नाही. पोटरीत गुठळी झाली आणि तिचा तुकडा फुप्फुसात गेला तर जीव जाऊ शकतो; तुम्हीच म्हणून पहिले काही आठवडे रक्त पातळ ठेवणारं औषध देता. ती भीती घालवायला कुणी तरी विचारावं लागतं. आणि त्याच प्रश्नांतून एखाद्या रात्री खरीच गुठळी सापडेल.

आता तक्रारी मांडते.

पहिली तक्रार ही, की आम्हाला अर्धंच सांगितलं जातं. ऑपरेशनच्या आधी तुम्ही चालण्याबद्दल बोलता. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करू, तिसऱ्या-चौथ्या दिवशी जिना चढवू, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. सगळं खरं, आणि तसंच घडलं. संमतिपत्रावर जंतुसंसर्ग, गुठळी, भुलीचे धोके, सगळं लिहिलेलं होतं आणि मी वाचून सही केली. झोपेबद्दल त्या कागदावर अक्षर नव्हतं. पहिले सहा आठवडे बहुतेकांची झोप मोडते आणि मग हळूहळू, महिन्यांच्या हिशेबानं, ती जागेवर येते, हे एक वाक्य कुणी आधी सांगितलं असतं तर दुसऱ्या आठवड्यात 'माझंच काही तरी चुकलंय' या विचारानं मी रडले नसते. सूज तीन ते सहा महिने राहू शकते, गुडघा हाताला महिनोन्‌महिने गरम लागतो, चालताना आतून कट-कट आवाज येतो, टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर होते आणि कित्येकांची कायमची बधिर राहते. जखमेच्या वाटेत येणारी एक बारीक नस कापली जाते, त्याला इलाज नाही. मांडीला करकचून पट्टा बांधून ऑपरेशन केलं असेल तर मांडीही काही दिवस मार बसल्यासारखी दुखते, काळीनिळी पडते. यातलं काहीही घाबरण्यासारखं नाही. न सांगितल्यामुळे प्रत्येक गोष्ट घाबरवते, आणि घाबरलेलं माणूस झोपत नाही.

लोक अजून 'वाटी बदलली का?' असं विचारतात. बदललेली असतात ती मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची टोकं. त्यांवर धातूचा साज चढवून मध्ये प्लॅस्टिकची चकती बसवतात. वाटी बहुतेक वेळा आपली आपल्या जागी असते, फार तर तिच्या आतल्या बाजूला अस्तर लावतात. एवढं मोठं सुतारकाम हाडांत झालंय हे पेशंटला आणि घरच्यांना एकदा नीट समजलं, की दुखण्याचं आश्चर्य कमी होतं. हे समजावायला तुमची दहा मिनिटं लागतील.

दुसरी तक्रार गोळ्यांच्या वेळांची आहे आणि ती मला सगळ्यात जास्त सलते, कारण ती दुरुस्त करायला काहीही खर्च नाही.

तुम्ही चिठ्ठीवर लिहिता: सकाळी, दुपारी, रात्री. पेशंट काय करतो? आठ वाजता, दोन वाजता आणि रात्री नऊला गोळी घेतो. पॅरासिटामॉलचा जोर चार ते सहा तास असतो. नऊची गोळी पहाटे तीनपर्यंत कशीबशी पुरते, बहुतेकांना त्याआधीच सरते. पुढची सकाळी आठला. म्हणजे चोवीस तासांतला अकरा तासांचा सगळ्यात लांब पल्ला नेमका रात्री येतो. दिवसा दुखलं तर बोलायला माणूस असतं, उठून बसता येतं, मन रमवता येतं. रात्री दिवसभराच्या व्यायामाची सूज गुडघ्यात साठलेली असते, हालचाल थांबल्यानं सांधा आखडतो, सूज आवरणारं शरीरातलं कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमाराला सगळ्यात कमी झालेलं असतं. सगळे शत्रू एकत्र येतात आणि तेव्हाच औषध नसतं.

सहा-सहा तासांनी असं लिहिलंत, आणि रात्रीची गोळी किती वाजता, मध्यरात्रीनंतर जाग आली तर कोणती गोळी घ्यायची, किती घ्यायची, दिवसभरात किती गोळ्यांच्या वर जायचं नाही, हे शब्दांत लिहून दिलंत, तर अर्ध्या रात्री वाचतील. प्रौढ माणसाला चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल नको, आणि वजन कमी असेल किंवा यकृत नाजूक असेल तर त्याहूनही कमी. सर्दी-तापाच्या कित्येक गोळ्यांत तेच औषध लपलेलं असतं. सूज उतरवणाऱ्या गोळ्या मूत्रपिंड किंवा पोट नाजूक असलेल्यांना चालत नाहीत. म्हणून तर चिठ्ठी माणसागणिक लिहायची असते. छापील चिठ्ठीवर सगळ्यांचे गुडघे एकच नसतात.

ब्लॉकचंही तेच. मांडीतल्या नसेजवळ इंजेक्शन देऊन पाय बधिर करता, त्याचा परिणाम साधारण बारा ते चोवीस तास टिकतो. सकाळी ऑपरेशन झालं की संध्याकाळी पेशंट खुशीत असतो, फोनवर सगळ्यांना सांगतो, 'काही दुखतच नाही!' मीही सांगितलं. मग रात्री कधी तरी किंवा पहाटे ब्लॉक उतरतो आणि कळ एकदम अंगावर येते. ती येणार हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. तिच्या आधी पोटात गोळी गेली पाहिजे हेही ठाऊक असतं. मला पहाटे पाचला कळ आली आणि गोळी सहाच्या राउंडला आली. मधला तास मी जन्मात विसरणार नाही.

तिसरी तक्रार. 'शून्य ते दहामध्ये किती दुखतं?' हा प्रश्न मी स्वतः हजारदा विचारला आहे, तक्त्यात आकडा भरला आहे आणि पुढच्या पलंगाकडे गेले आहे. आता तो मला विचारला गेला तेव्हा त्याचा पोकळपणा कळला. मी 'सहा' म्हणाले. कशाचे सहा?

आपल्या भाषेत दुखण्याला केवढे शब्द आहेत! ठणका वेगळा, कळ वेगळी. सणक उठते ती विजेसारखी, क्षणात येते आणि जाते. ठसठस टाक्यांजवळ असते. रग लागते ती मांडीत, व्यायाम झाल्यावर. ओढ गुडघ्याच्या मागच्या शिरेत. आवळल्यासारखं होतं ते गुडघ्याभोवती, जणू कुणी ओला पट्टा बांधून वाळू दिलाय. मुंग्या आणि चुरचुर बधिर कातडीच्या कडेला. माझ्या वहीत मी पहिले चाळीस दिवस हे शब्द वेळेसकट लिहून ठेवले आहेत, जुनी सवय म्हणून. वाचल्यावर दिसलं, की ठणका हमखास त्या रात्री असायचा ज्या दिवशी मी जास्त वेळ पाय खाली सोडून बसले. त्याला पाय नुसता उशीवर नव्हे, छातीच्या वर उचलून ठेवणं आणि बर्फ लागू पडायचं. रगेला गोळीपेक्षा दोन फेऱ्या बऱ्या. सणकेला दोन्ही कामाचे नव्हते. ती नसेची होती, ती पाचव्या आठवड्यापासून आपोआप विरळ झाली. आखडलेल्या ओढीला झोपण्याआधी टाच हळूहळू घासत दहा-बारा वेळा गुडघा वाकवला की उतार पडायचा.

माझ्या वॉर्डातल्या आजी 'सणका मारतात गं' म्हणाल्या तर मी 'सात' लिहायची. तो शब्द कागदावर गेला असता तर डॉक्टरांना नसेचा संशय आला असता. आकडा जरूर विचारा, उतार-चढाव बघायला तो उपयोगी आहे. पण त्यापुढे 'कसं दुखतं, केव्हा दुखतं, कशानं थांबतं' हे तीन प्रश्न विचारा आणि पेशंटचा शब्द जसाच्या तसा लिहा. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९७९ ची आपली व्याख्या २०२० मध्ये सुधारली तेव्हा स्वच्छ लिहिलं, की माणूस दुखतंय असं सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे.

चौथी तक्रार एका वाक्याबद्दल आहे: 'या वयात झोप कमी होतेच.' मला ते तिसऱ्या आठवड्यात ऐकवलं गेलं. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात मी सहा तास झोपत होते, गुडघा दुखत असतानाही. तीन आठवड्यांत माझं वय किती वाढलं?

झोपेला चैनीची गोष्ट समजू नका. अपुऱ्या झोपेनंतर तेवढीच कळ जास्त दुखते, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. दुखण्यानं झोप जाते आणि झोप गेल्यानं दुखणं वाढतं. आता याच्यापुढे फिजिओथेरपी ठेवून बघा. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद निम्म्याहून अधिक घटते. ती परत आणायला आणि दोन आठवड्यांत गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकवायला दिवसातून तीन-चार वेळा व्यायाम करावा लागतो, तोही दुखणं सोसून. रात्रभर जागलेल्या बाईनं सकाळी दहा वाजता तो कसा करायचा? फिजिओनं 'जोर लावा, टाळाटाळ करू नका' म्हटलं की ती ओशाळते आणि दुसऱ्या दिवशी खोटं सांगते की केला. गुडघा आखडतो. मग पुन्हा भूल देऊन तो वाकवण्याची पाळी येते. त्या आखडलेल्या गुडघ्याच्या केस पेपरवर 'पेशंटनं व्यायाम केला नाही' असं लिहिलं जातं. तो का केला नाही, हे शोधायला कुणी तरी तिच्या रात्रीपर्यंत जायला हवं.

आणि जिथं झोपेची दखल घेतली जाते तिथं लगेच झोपेची गोळी लिहिली जाते. ट्रामाडॉलसारखी अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी चालू असताना वर झोपेची गोळी म्हणजे श्वास मंदावण्याचा धोका. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१६ मध्ये अफूच्या जातीची औषधं आणि झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्या एकत्र घेण्याविरुद्ध वेष्टनावरचा सगळ्यात कडक इशारा सक्तीचा केला. शिवाय रात्री दोनदा बाथरूमला उठणारी, वॉकर धरून चालणारी बाई गुंगीत पडली तर नवा सांधा कुणी वाचवायचा? ट्रामाडॉलची गुंगी मी अनुभवली आहे. डोळे जड होतात, पण झोप तुकड्यातुकड्यांची होते आणि सकाळी मळमळ आणि बद्धकोष्ठ वेगळं. पहिल्या दिवसांत त्या गोळीची गरज असते, मी तिच्या विरोधात नाही. ती कधी आणि कशी कमी करायची हे मात्र घरी पाठवतानाच लिहून द्या.

पाचवी गोष्ट तक्रार म्हणून लिहिते खरी, पण तिच्यात माझाही वाटा आहे. वॉर्डात रात्री साडेदहाला दिवे मंद होतात, अडीचला ब्लडप्रेशर, चारला रक्त काढायला, पाचला सगळे दिवे. पहिल्या चोवीस तासांत पुन्हापुन्हा तपासावंच लागतं. तिसऱ्या रात्री, सगळं ठीक असताना, ती सगळी कामं एका वेळी उरकता येतात. आणि मी बॅटरीचा झोत छताकडे धरून पलंगांमधून फिरायची, मिटलेले डोळे बघायची आणि पहाटे रिपोर्टमध्ये लिहायची, 'रुग्णास रात्री शांत झोप लागली.' आता माझ्या पलंगाजवळून तशीच एक सिस्टर गेली. मी डोळे मिटून जागी होते, कारण तिला पुन्हा त्रास कशाला द्यायचा. किती जणांनी माझ्यासमोर असेच डोळे मिटले असतील, याचा विचार मनातून जात नाही.

शेवटची तक्रार तीन महिन्यांनंतरची. टाके निघाले, सहा आठवड्यांनी एक्स-रे झाला, 'सांधा छान आहे' म्हणालात, पुढची तारीख वर्षानं. पण ज्यांचं दुखणं थांबत नाही त्यांचं काय? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात गुडघेबदलानंतर दीर्घकाळ त्रासदायक वेदना राहणाऱ्यांचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत १० ते ३४ टक्के आढळलं. साधारण पाचांतला एक धरा. हे लोक एक्स-रे चांगला म्हणून गप्प बसतात. यावर उपाय नाही असंही नाही. ब्रिटनमध्ये तीन महिन्यांनंतरही दुखत असलेल्या ३६३ पेशंटवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. काहींना नेहमीचे उपचार. काहींना प्रशिक्षित तज्ज्ञाकडून सविस्तर तपासणी, कारण सापडेल तसं योग्य ठिकाणी पाठवणं, आणि वर्षभर फोनवरून विचारपूस. दुसऱ्या गटाचं दुखणं वर्षाअखेर कमी होतं. फरक डोंगराएवढा नव्हता. पण त्यात नवं यंत्र नव्हतं, नवं औषध नव्हतं. नीट तपासणं होतं आणि फोन होता. त्याच वेळी आमच्याकडचा फोन बंद होतो.

माझ्या मागण्या अशा आहेत.

रात्रीचा फोन पुन्हा सुरू करा, किमान सहा आठवड्यांसाठी, आणि पलीकडे माणूस असू द्या. किती फोन आले हे मोजू नका. फोन करणाऱ्याला सकाळी इमर्जन्सीत यावं लागलं का, ते मोजा.

ऑपरेशनपूर्वीच्या समुपदेशनात झोपेचा विषय सक्तीचा करा आणि त्या वेळी रात्री सोबत करणारं माणूस हजर असू द्या. कसं झोपायचं ते करून दाखवा: उताणं झोपताना उशी टाचेखाली, कुशीवर झोपायची परवानगी मिळाली की दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये.

घरी पाठवताना गोळ्यांचं वेळापत्रक घड्याळाच्या आकड्यांत द्या, रात्रीच्या रकान्यासकट, आणि बंद करण्याच्या तारखांसकट.

प्रत्येक तपासणीला 'किती वाकतो' याच्या बरोबरीनं 'सलग किती तास झोपता' हे विचारा आणि केस पेपरवर लिहा. फिजिओलाही तो आकडा दिसू द्या, म्हणजे वाईट रात्रीनंतर व्यायाम हलका करायचा की वेळ बदलायची हे तिला ठरवता येईल.

तीन महिन्यांनी एक फोन तुम्ही करा. दुखतंय म्हणणाऱ्याला 'एक्स-रे चांगला आहे' एवढ्यावर परत पाठवू नका. झोप तीन महिन्यांनंतरही बसली नसेल तर गोळी लिहिण्याआधी निद्रानाशावरच्या वर्तनोपचाराकडे पाठवा. जुनाट निद्रानाशाला पहिला उपचार तोच मानला जातो.

रात्री फोनवर बसायला माणसं नाहीत, अशी अडचण असेल तर तीही मला कळते. वॉर्ड चालवणं काय असतं ते मी पाहिलेलं आहे. माझ्यासारख्या निवृत्त परिचारिका पुष्कळ आहेत. तुम्ही प्रश्नांची यादी द्या, पलीकडे एक ड्यूटी डॉक्टर ठेवा, महिन्यातल्या चार रात्री मी बसते. माझा नंबर तुमच्या फाइलमध्ये आहे. सध्या मी सलग साडेचार तास झोपते आणि अडीचच्या सुमाराला बहुधा जागीच असते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, आणि तुमची पेशंट